मोबाईलवरचं बुद्धिबळ : आकड्याच्या मागे काय बघायचं?

हप्ता, व्याज, विमा, रेशनकार्ड यावर आपण नेहमीच बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण गटांच्या बैठकीत तो इतक्या वेळा निघाला की बोलणं भागच आहे. विषय आहे मुलांचं मोबाईलवरचं बुद्धिबळ.

प्रश्न साधारण असा येतो : "ताई, पोरगी रोज तासभर मोबाईलवर बुद्धिबळ खेळते. म्हणते, माझं रेटिंग अकराशे झालं. हे चांगलं की वाईट? क्लासवाले सर म्हणतात, मुलगी हुशार आहे, पैसे भरा. घरचे म्हणतात, मोबाईल काढून घ्या. आम्हाला तर घोडा कसा चालतो तेही माहीत नाही. ठरवायचं कसं?"

प्रश्न साधा नाही. कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या शिलाईवर पीसप्रमाणे मजुरी घेणाऱ्या बाईला क्लासची फी म्हणजे कित्येक दिवसांचं काम. घरात चांगला मोबाईल एकच, तोही वडील रात्रीच्या कर्जत लोकलने परत आले की हाती येणार. अशा घरात कुठल्याही गोष्टीवर वेळ आणि पैसा घालायचा तर आधी पारख हवी. आणि नुसत्या रागाने खेळ बंद केला, तर मुलीच्या हातातली एक चांगली गोष्ट विनाकारण जाते. म्हणून बुद्धिबळ न येणाऱ्या आईलाही मुलाचा किंवा मुलीचा खेळ कसा जोखता येईल आणि तो सुधारायला काय करता येईल, ते आज बघू.

हा खेळ आपल्या मुलींचा आहे

आधी एक गोष्ट पक्की करू. "मुलींना काय करायचंय बुद्धिबळ" असं कुणी म्हणालं, तर उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणी. स्पर्धेच्या पहिल्या दहा वर्षांत विजेतेपद या एकाच घरात राहिलं. जयश्री १९७९ साली भारतातल्या पहिल्या महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. त्याआधी १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो कोर्टापर्यंत गेला. शेवटी जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की केवळ बाई आहे म्हणून कुणालाही स्पर्धेतून रोखता येणार नाही.

आणि अलीकडची गोष्ट तर तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होत्या, दिव्यापेक्षा कितीतरी अनुभवी. दोन्ही लांब डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत निकाल लागला. त्या विजयाने एकोणीस वर्षांची दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये ती भारताची चौथी.

प्रत्येक घरात दिव्या तयार होईल, असं आम्ही म्हणत नाही. पण हा खेळ खेळायला मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत आणि मुलगी म्हणून कुणी बाहेर बसवू शकत नाही. आपल्यासारख्या गर्दीच्या वस्तीत हे कमी नाही.

रेटिंग म्हणजे काय?

रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. ही पद्धत अर्पाड एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवली आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० साली स्वीकारली. मोबाईलवरची ॲप तिचीच सुधारलेली रूपं वापरतात.

हिशोब पासबुकासारखा आहे. जिंकलं की गुण जमा, हरलं की गुण खर्ची. फरक एवढाच की किती जमा होणार, ते समोरच्यावर ठरतं. आपल्यापेक्षा भारी खेळाडूला हरवलं तर जास्त मिळतात, कच्च्या खेळाडूला हरवलं तर थोडे. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर साधारण सहा ते दहा गुण वाढतात आणि हरलं तर तेवढेच जातात.

दोन खेळाडूंमधला फरकही काही सांगतो. एलोंच्या हिशोबाने १०० गुणांनी वरच्या खेळाडूला शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळावेत, २०० गुणांनी वरच्याला ७६ आणि ४०० गुणांनी वरच्याला ९१. (जिंकलं तर एक गुण, बरोबरीला अर्धा.) म्हणजे आपल्या मुलीपेक्षा २०० ने वर असलेल्याशी ती चार डावांत तीन हरली, तर तिने वाईट खेळ केला असं होत नाही. हिशोबाप्रमाणेच झालं.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : वेगवेगळ्या ॲपचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. लिचेस या मोफत ॲपवर नवीन खातं उघडलं की आकडा १५०० पासून सुरू होतो आणि तो अजून पक्का नाही हे दाखवायला पुढे प्रश्नचिन्ह असतं. चेस डॉट कॉमवर खातं उघडताना तुम्ही नवखे की जाणकार असं विचारतात आणि त्यावरून सुरुवात ठरते. त्यामुळे शेजारच्या मुलाचे लिचेसवर १४०० आणि आपल्या मुलीचे चेस डॉट कॉमवर ११०० असतील, तर तो वरचढ आहेच असं नाही. लिचेसचे आकडे साधारण चढेच असतात.

दुसरी : हे आकडे फिडेचं रेटिंग नव्हेत. फिडेचं रेटिंग समोरासमोर बसून, मान्यता असलेल्या स्पर्धेत खेळूनच मिळतं. मार्च २०२४ पासून त्या यादीत सगळ्यात खालचा आकडाच १४०० आहे. मोबाईलवर १४०० झाले म्हणजे फिडेचे १४०० झाले, असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका.

तिसरी : एका दिवसाचा आकडा बघू नका. एका संध्याकाळी पाच-सहा डाव हरले की पन्नास गुण गेलेच. आपण गटाचा हिशोब एका बैठकीवरून करतो का? वर्षाचा ताळेबंद बघतो. तसंच महिन्याच्या शेवटी आकडा वहीत लिहा आणि तीन-चार महिन्यांची रांग बघा. हळूहळू वर जाते का, तिथेच घुटमळते का, की खाली येते, ते त्यातून कळतं.

आकड्याच्या आधी घड्याळ बघा

खेळ न येणाऱ्या आईलाही ताबडतोब बघता येईल अशी गोष्ट म्हणजे वेळ. मोबाईलवर प्रत्येक डावाला दोघांनाही ठरावीक मिनिटं मिळतात. एक-दोन मिनिटांच्या डावाला बुलेट म्हणतात, तीन-पाच मिनिटांच्या डावाला ब्लिट्झ आणि दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त असेल तर रॅपिड. प्रत्येक प्रकाराचं रेटिंग वेगळं असतं. मुलगी नेमकं कशाचं रेटिंग सांगते, ते आधी विचारा.

शिकणाऱ्याने बुलेट खेळणं म्हणजे शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात फुल स्पीडने मशीन मारणं. हात चालतो, शिवण तिरकी जाते. विचार करायला वेळच नसतो, त्यामुळे चुकीची सवय पक्की होते. शिकायचं असेल तर निदान दहा, शक्यतो पंधरा मिनिटांचा डाव खेळावा.

दुसरी तपासणी आणखी सोपी. हरलेला डाव उघडायला सांगा आणि शेवटी घड्याळात किती वेळ शिल्लक होता ते बघा. दहा मिनिटांचा डाव हरला आणि सात मिनिटं उरली होती, तर मुलगी विचार न करता चाली करते आहे. आणि प्रत्येक डावात वेळ संपूनच हरत असेल, तर सोप्या चालींवरही ती फार अडते आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हे ओळखायला घोड्याची चाल माहीत असावी लागत नाही.

दहा हरलेले डाव, चार रकाने

आता खरी पारख. गट कर्जासाठी बँकेत गेला की बँक श्रेणीकरण करते. नुसती शिल्लक बघत नाही. बैठका होतात का, हप्ते वेळेवर येतात का, वही नीट आहे का, हे बघते. खेळाचंही तसंच करायचं.

वहीत चार रकाने आखा. मुलीचे शेवटचे दहा हरलेले डाव तिच्याकडूनच उघडून घ्या. ॲपमध्ये जुने डाव सगळे साठवलेले असतात. प्रत्येक डाव का हरला ते तिला सांगू द्या आणि त्या रकान्यात खूण करा.

रकाना पहिला : मोहरं फुकट गेलं. म्हणजे समोरच्याने घोडा, उंट, हत्ती किंवा वजीर मारला आणि बदल्यात आपल्याला काहीच मिळालं नाही.

रकाना दुसरा : राजा उघडा पडला आणि डावाच्या सुरुवातीलाच मात झाली.

रकाना तिसरा : वेळ संपला.

रकाना चौथा : शेवटपर्यंत बरोबरीने खेळली, पण थोडी मोहरी उरल्यावर काय करायचं ते कळलं नाही.

मोहऱ्यांची किंमत माहीत असली की पहिला रकाना भरणं सोपं जातं. प्यादं एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला किंमत नाही, तो गेला की डावच गेला. दुकानदाराला पाचशेची नोट देऊन तीनशेचा माल घेतला आणि सुट्टे न घेताच निघालो, असा व्यवहार पटावर कुठे झाला, एवढंच शोधायचं. ॲप मारलेली मोहरी बाजूला दाखवतं आणि कोण कितीने पुढे आहे तो आकडाही देतं.

समजा दहापैकी सहा खुणा पहिल्या रकान्यात पडल्या, दोन तिसऱ्यात आणि एकेक दुसऱ्या-चौथ्यात. मग या मुलीला अवघड पुस्तकाची गरज नाही, नवीन नवीन ओपनिंग पाठ करायचीही नाही. तिने फक्त मोहरी फुकट घालवणं थांबवलं, तरी आकडा आपोआप वर जाईल. नव्याने खेळणाऱ्यांचे बहुतेक डाव याच रकान्यात जातात. म्हणून क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात वीस ओपनिंगची नावं शिकवत असतील तर विचारा, "सर, हिचे हरलेले डाव तुम्ही बघितले का?"

संगणक काय म्हणतो, ते किती मानायचं?

डाव संपला की ॲप तपासणी करून देतं. लिचेसवर ती मोफत आहे. चेस डॉट कॉमवर मोफत खात्याला मर्यादा आहे. यात चूक, घोडचूक अशा खुणा येतात आणि अचूकतेची टक्केवारी येते.

ही टक्केवारी शाळेतल्या मार्कांसारखी वाचू नका. समोरचा कच्चा असला आणि डाव सोपा असला तर नव्वद टक्केही येतात. समोरचा तगडा असला आणि डाव गुंतागुंतीचा झाला, तर चांगला खेळूनही सत्तर येतात. म्हणून "कालपेक्षा टक्के कमी का?" असं विचारून रागावण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा घोडचुका मोजा. गेल्या महिन्यात एका डावात सरासरी चार होत होत्या आणि या महिन्यात दोन होतात, तर खेळ सुधारला. रेटिंग अजून हललं नसलं तरी सुधारला. आकडा मागून येतो.

आणि एक नियम ठेवा : संगणकाकडे जाण्याआधी मुलीने स्वतः सांगायचं की डाव कुठे बिघडला. "इथे मला वाटलं की घोडा सुरक्षित आहे." हे वाक्य तिच्या तोंडून आलं की निम्मं काम झालं. थेट संगणकाचं उत्तर बघणं म्हणजे गणिताच्या पुस्तकाचं शेवटचं पान बघणं.

सुधारण्याची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशोब. बुद्धिबळासाठीही पाच सूत्रं धरा.

एक : चाल करण्याआधी तीन प्रश्न. समोरच्याने आत्ता चाल केली, तिने तो काय मारायला बघतोय? मी जिथे मोहरं ठेवते आहे तिथे ते कुणी मारू शकतं का? मला शह देता येतो का, काही फुकट मारता येतं का? तीन प्रश्न कागदावर लिहून मोबाईलच्या मागे चिकटवा. सुरुवातीला वेळ लागतो, दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना सवय होते.

दोन : रोज पंधरा मिनिटं कोडी. ॲपवर कोडी मिळतात. लिचेसवर हवी तेवढी मोफत. दोन चालींत मात करा, एका चालीने दोन मोहऱ्यांवर हल्ला करा, अशी ती असतात. अट एकच : अंदाजाने बोट टेकवायचं नाही. आधी पूर्ण उत्तर मनात, मग चाल. पन्नास कोडी धडाधड सोडवण्यापेक्षा दहा नीट सोडवलेली बरी.

तीन : सुरुवात साधी ठेवा. मधली प्यादी पुढे घ्यायची, घोडे आणि उंट बाहेर काढायचे, मग किल्लेकोट, म्हणजेच कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात सुरक्षित करायचा. वजीर घाईने बाहेर काढायचा नाही. मोबाईलवर बरीच पोरं चार चालींची मात करायला बघतात. पांढरा उंट आणि वजीर दोघं मिळून काळ्या राजाच्या उंटापुढचं प्यादं धरतात, कारण त्याला राखायला राजाशिवाय कुणी नसतं. वजीर कडेला आलेला दिसला की घाबरायचं नाही. राजाच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घ्यायचं, म्हणजे वजिराला हटावं लागतं. तो मागे येऊन समोरून पुन्हा तेच घर धरतो. मग घोडा पुढे काढून त्याची वाट अडवायची. एवढं कळलं की ही युक्ती करणाऱ्यांचाच वजीर पळत सुटतो आणि तोवर आपली मोहरी बाहेर आलेली असतात.

चार : शेवट शिका. राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा, मग राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, या दोन माता घरात भावा-बहिणींनी एकमेकांवर घालून बघाव्या. जिंकलेला डाव इथे हातचा जातो. समोरच्या राजाला शह नाही, पण त्याला एकही चाल उरली नाही, तर स्टेलमेट होतं आणि डाव बरोबरीत सुटतो. वजीर हाताशी असताना अर्धा गुण सांडतो. तिसरी गोष्ट, प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर करायचा असेल तर राजाला प्याद्याच्या पुढे चालवायचं. मागे राहणारा राजा उपयोगाचा नाही.

पाच : डाव कमी, नोंद जास्त. दिवसाला दोन डाव पुरे, पण दोन्ही नंतर बघायचे आणि हरलेल्या डावाचं एक वाक्य वहीत लिहायचं. "उंट फुकट गेला, कारण समोरचा हत्ती दूरवरून बघत होता ते दिसलं नाही." लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवशी मोबाईल खाली. चिडून खेळलेला तिसरा डावही बहुतेक जातोच.

या सगळ्याला पाऊण तास ते एक तास लागतो. पंधरा मिनिटं कोडी, अर्धा तास दोन डाव, थोडा वेळ वही. रात्री दहानंतर, वडिलांच्या हातून मोबाईल मिळाल्यावर, पेंगत खेळलेल्या तासापेक्षा सकाळची वीस मिनिटं जास्त कामाची.

पटावरही बसवा

नुसता मोबाईलवर खेळणारा खेळाडू खऱ्या पटावर गोंधळतो. मोबाईलवर कुठे जाता येतं ते ठिपके दाखवतात, शह बसला की राजा लाल होतो, चुकीची चाल होतच नाही. स्पर्धेत यातलं काही नसतं. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं आणि बऱ्याच स्पर्धांत चाली स्वतः लिहाव्या लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी समोरासमोर डाव व्हावा. प्लास्टिकचा पट फार महाग नसतो. एका गटातल्या चार-पाच घरांनी मिळून दोन पट घेतले आणि रविवारी दुपारी मुलांना एका ओट्यावर बसवलं, तर ती क्लासइतकीच चांगली सोय होते. मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुलं एका पटावर बसतात, कारण घोड्याची चाल सगळ्यांची एकच.

आणि मैत्रिणींनो, रिकामी जागा असेल तर तुम्हीही बसा. खेळाला वयाची अट नाही. आई शिकते आहे हे दिसलं की मुलंही समजावून सांगायला लागतात, आणि दुसऱ्याला समजावताना स्वतःचं पक्कं होतं.

क्लास, पैसे आणि सुरक्षितता

क्लास लावायचा की नाही? आधी तीन महिने ही पंचसूत्री घरी करून बघा. मुलगी स्वतःहून वही लिहिते, कोडी सोडवते आणि वही सांगते की घोडचुका कमी झाल्या, तर क्लासचा विचार करा. चांगला शिक्षक मुलीचे स्वतःचे डाव बघतो, तिला प्रश्न विचारतो आणि सहा महिन्यांत अमुक रेटिंग करून देतो अशी हमी देत नाही.

"बुद्धिबळाने गणितात मार्क वाढतात" असं जाहिरातीत दिसलं तर तेवढ्यासाठी पैसे भरू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळांमध्ये याची मोठी तपासणी झाली. काही शाळांतल्या मुलांना वर्षभर बुद्धिबळ शिकवलं, काहींना नाही. २०१६ साली अहवाल आला. शिकवणं संपल्यावर वर्षाने बघितलं तेव्हा गणिताच्या मार्कांत फरक आढळला नाही. मुलीला खेळ आवडतो, ती हरणं पचवायला शिकते, शांत बसून विचार करते, एवढं कारण खेळायला पुरेसं आहे.

पैसे लावून खेळा म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपपासून दूर राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. वर नावं घेतलेली दोन्ही ॲप पैसे न भरता वापरता येतात.

लहान मुलांच्या खात्यावर खरं पूर्ण नाव, शाळा, फोटो टाकू नका. समोरचा अनोळखी असतो. लिचेसवर मुलांसाठी वेगळी सोय आहे, ती चालू केली की कुणाला संदेश पाठवता येत नाहीत आणि कुणाचे येत नाहीत. आणि दुसऱ्या मोबाईलवर संगणकाला विचारून चाली करणं ही चोरीच आहे. ॲपला ते कळतं, खातं बंद होतं. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्या डावातून मूल काहीच शिकत नाही.

हरल्यावर काय म्हणायचं?

शेवटचं आणि आईच्या हातातलं. मुलगी हरून उठली की "किती गुण गेले?" हा पहिला प्रश्न नको. "डाव कुठे फिरला?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल आकड्याला घाबरायला लागतं. रेटिंग जाईल म्हणून खेळायचंच टाळतं. आमच्या बघण्यात मुली खेळ सोडतात त्या हरल्यामुळे नाही, हरल्यावर घरात जे ऐकावं लागतं त्यामुळे. मुलगा हरला तर "पुढच्या वेळी", आणि मुलगी हरली तर "सोड ते, पोळ्या लाट", असा दुजाभाव घरात होत असेल तर तो आधी थांबवू.

तर या आठवड्याचं काम : वही घ्या, चार रकाने आखा, दहा हरलेले डाव मुलीसोबत बघा. कुठल्या रकान्यात जास्त खुणा पडल्या ते पुढच्या बैठकीत सांगा. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडू आणि मगच ठरवू, क्लास लावायचा की पट घ्यायचा. तोवर मोबाईल काढून घेऊ नका आणि रात्रभर हातातही देऊ नका.

पुढच्या भागात पावसाळ्यात घरातलं धान्य आणि कागदपत्रं कशी जपायची यावर बोलू. तोपर्यंत नमस्कार.